दुखरा स्नायू आणि खचलेले मन

वेदना सोसण्याची शक्ती हा खेळाडूचा गुण समजला जातो आणि एका मर्यादेपर्यंत तो गुण आहेही. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात अनवाणी फुटबॉल खेळणारा मुलगा पायाला लागलेल्या ठेचेकडे पाहत नाही. कबड्डीच्या मैदानावर गुडघे सोलून घेतलेला तरुण दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर हजर असतो. परंतु सोसून संपणारी वेदना आणि सोसूनही न संपणारी वेदना ह्या दोहोंत मोठा भेद आहे. पोटरी, मांडीच्या मागील भाग, जांघ, कंबर किंवा खांदा ह्यांपैकी एखाद्या ठिकाणचे दुखणे महिनोन्महिने ठाण मांडून बसले, की त्याचा परिणाम त्या स्नायूपुरता मर्यादित राहत नाही. खेळाडूची झोप, भूक, उमेद व स्वतःविषयीची कल्पना हळूहळू ढासळू लागते आणि अनेकदा त्यातून नैराश्याचा, म्हणजे ज्यास सर्वसामान्यपणे डिप्रेशन म्हटले जाते त्या विकाराचा, उद्भव होतो. हा विकार ओळखता येतो व बराही होतो. मात्र शाळेतील शिक्षक, गावच्या संघाचा मार्गदर्शक आणि घरची माणसे त्याला आळस, नाटक किंवा मनाचा कमकुवतपणा समजत राहतात, तोपर्यंत तो ओळखला जाण्याची शक्यता फार थोडी असते.

प्रथम साध्या दुखण्याचा विचार करणे इष्ट होईल. सुटीनंतर पुन्हा सराव सुरू केला अथवा नवा व्यायाम केला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग मोडून येते. हे दुखणे साधारणतः चोवीस ते बहात्तर तासांत सर्वाधिक जाणवते आणि आठवडाभरात ओसरते. स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा व त्यांच्या दुरुस्तीचे काम हे त्याचे कारण होय. ‘स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे अंग दुखते’ हे स्पष्टीकरण शारीरिक शिक्षणाच्या तासाला अजूनही ऐकावयास मिळते; परंतु व्यायामात तयार झालेले हे द्रव्य विश्रांतीनंतर तास-दोन तासांतच रक्तातून नाहीसे होत असल्याने दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही. उसण भरणे, पाय मुरगळणे, स्नायू ताणला जाणे ह्या इजाही योग्य काळजी घेतल्यास काही आठवड्यांत बहुधा बऱ्या होतात.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र निराळ्या वर्गात घालते. अशा वेदनेत पुष्कळदा मूळ इजा भरून आलेली असते, क्ष-किरण चित्रात काहीही सापडत नाही, आणि तरीही दुखणे थांबत नाही. ह्याचा अर्थ खेळाडू खोटे बोलत आहे असा नव्हे. वेदना ही स्नायूत निर्माण होऊन मेंदूपर्यंत जशीच्या तशी पोहोचणारी वस्तू नाही. स्नायूतून येणाऱ्या संदेशास पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू व मेंदू कमी-अधिक करीत असतात. म्हणून तर ऐन सामन्यात बसलेला मार खेळ संपेपर्यंत जाणवत नाही आणि रात्री अंथरुणावर तोच असह्य होतो. दीर्घकाळ संदेश येत राहिले, की ही यंत्रणा अतिसंवेदनशील बनते. रेडिओचा आवाज वाढविणारी खुंटी कोणी पिळून ठेवावी, त्याप्रमाणे मामुली ताणही मोठ्या ठणक्यासारखा जाणवू लागतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची जी व्याख्या स्वीकारली व २०२० मध्ये सुधारून घेतली, तीत वेदना हा शारीरिक संवेदनेचा तसाच भावनेचाही अनुभव आहे असे नमूद केलेले आहे. वेदनेत मन आरंभापासूनच सामील असते, हे ह्या व्याख्येमुळे शास्त्रमान्य झाले.

ह्या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनच्या मध्यम पल्ल्याच्या धावपटू केली होम्स ह्यांचे आहे. होम्स ह्यांनी काही वर्षे ब्रिटिश सैन्यात नोकरी केली आणि तेथे शारीरिक शिक्षणाच्या प्रशिक्षक म्हणून काम पाहिले; म्हणजे शरीर राबविण्याची व दुसऱ्याकडून राबवून घेण्याची कला त्यांना पुरेपूर अवगत होती. १९९५ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी दोन पदके मिळविली. त्यानंतर मात्र दुखापतींची माळ सुरू झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्या हाडाला तडा गेलेल्या स्थितीत धावल्या व ८०० मीटर शर्यतीत चौथ्या आल्या. १९९७ मध्ये अथेन्स येथील जागतिक स्पर्धेत १५०० मीटर शर्यतीच्या संभाव्य विजेत्या म्हणून सर्वांचे लक्ष त्यांच्याकडे होते. परंतु प्राथमिक फेरीतच पोटरी व टाचेच्या शिरेला इजा होऊन त्यांना कसेबसे अंतर पुरे करावे लागले. २००० मध्ये सिडनी येथे कांस्यपदक मिळाले खरे, पण पायाचे दुखणे पाठ सोडीना. २००३ मध्ये फ्रान्समधील सराव शिबिरात पुन्हा पाय दुखावला तेव्हा त्यांचा धीर सुटला. त्या काळात आपण खोल नैराश्यात होतो, बंद दाराआड रडत होतो आणि स्वतःच्या शरीरास इजाही करून घेत होतो, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. विशेष हे की त्याच उन्हाळ्यात त्यांनी पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ८०० मीटरचे रौप्यपदक जिंकले. प्रेक्षकांना पदक दिसले. त्यामागील अवस्था दिसली नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्यांनी अथेन्स ऑलिंपिकमध्ये ८०० व १५०० मीटर ह्या दोन्ही शर्यतींची सुवर्णपदके मिळविली.

ही कथा जिद्दीचे गुणगान म्हणून सांगण्याची रीत आहे. वस्तुतः तिच्यातून घ्यावयाचा बोध वेगळा आहे. पदक मिळविण्याजोगी तयारी आणि नैराश्य ही दोन्ही एकाच व्यक्तीत, एकाच महिन्यात नांदू शकतात. म्हणून ‘इतके चांगले खेळतो, त्याला कसले डिप्रेशन?’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. पुढे सुवर्णपदके मिळाली म्हणून होम्स ह्यांच्या वेदनेला महत्त्व आले असेही नाही. पदक न मिळालेल्या, तालुक्याच्या संघातही निवड न झालेल्या मुलाची अवस्था तितकीच गंभीर असू शकते. त्याची नोंद मात्र कोठेही होत नाही.

वेदना व नैराश्य एकमेकांस कशी वाढवितात हे समजून घेतले पाहिजे. दुखण्याने झोप मोडते. झोप अपुरी झाली, की वेदना अधिक जाणवते आणि मनही चिडचिडे होते. वेदनेचा संदेश दाबून ठेवणाऱ्या मेंदूतील मार्गांचे कार्य ज्या सेरोटोनिन व नॉरॲड्रेनलिन नामक द्रव्यांवर चालते, तीच द्रव्ये मनाच्या स्थितीशीही निगडित आहेत. त्यामुळे एक बिघडले की दुसरे बिघडण्यास वाट मिळते. नैराश्यात मनुष्याचे लक्ष सदैव दुखऱ्या जागेकडे लागते व ‘हे आता कधीच बरे होणार नाही’ असा निष्कर्ष मन आधीच काढून ठेवते. मग भीतीने हालचाल कमी होते, न वापरलेला स्नायू अशक्त होतो आणि थोड्याशा श्रमानेही पूर्वीपेक्षा अधिक दुखतो.

ह्या सर्वसामान्य चक्रात खेळाडूच्या बाबतीत आणखी काही गोष्टींची भर पडते. इतरांना व्यायाम हे नैराश्यावरील एक उत्तम औषध म्हणून सांगता येते. येथे ते औषधच दुखण्याच्या जागी जाऊन बसलेले असते. धावणे थांबले की रोजचा उत्साह थांबतो, मित्रमंडळी दुरावतात, सकाळी उठण्याचे कारण उरत नाही. त्याहून खोल जाते ती ओळख गमावल्याची जाणीव. गावात ज्याला ‘आमच्या वाड्याचा गोलरक्षक’ म्हणून सर्वजण ओळखतात, त्याला खेळता येईनासे झाल्यावर आपण कोण, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. शिवाय क्रीडागुण, शिष्यवृत्ती, राखीव जागेवरील नोकरीची आशा असे पुष्कळ काही त्या एका पायावर उभे असते. आणि शेवटी अविश्वासाचा काटा. हात मोडला तर प्लास्टर दिसते; दुखरा स्नायू कोणालाच दिसत नाही. सोबती पाठीमागे कुजबुजतात, मार्गदर्शक ‘मन घट्ट कर’ म्हणतो, घरचे कोणी देवाला गाऱ्हाणे घालतात तर कोणी दृष्ट काढतात. ह्यांतील कोणाचाही हेतू वाईट नसतो. पण आपले कोणी खरे मानत नाही असे ज्याला वाटते, तो हळूहळू सांगणेच बंद करतो.

व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११ देशांतील ६०७ खेळत असलेल्या व २१९ निवृत्त खेळाडूंकडून माहिती घेण्यात आली होती. खेळत असलेल्यांपैकी ३८ टक्के व निवृत्तांपैकी ३५ टक्के खेळाडूंनी नैराश्याची वा चिंतेची लक्षणे सांगितली. ज्यांना कारकीर्दीत तीन किंवा त्याहून अधिक गंभीर दुखापती झाल्या होत्या, त्यांनी मानसिक त्रास सांगण्याचे प्रमाण इतरांच्या दुप्पट ते चौपट आढळले. ही माहिती खेळाडूंनी स्वतः भरून दिलेली होती, त्यामुळे हे आकडे वैद्यकीय निदानाचे नव्हेत हे ध्यानात ठेवावे लागते. तरीही दुखापत व मनःस्थिती ह्यांचा संबंध त्यांतून स्पष्ट होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये तज्ज्ञांकडून खेळाडूंच्या मानसिक आरोग्याविषयी सविस्तर निवेदन तयार करून घेतले, त्यातही दुखापतीकडे नैराश्याचा धोका वाढविणारी बाब म्हणून पाहिले गेले आहे. आपल्या देशात अभिनव बिंद्रा ह्यांनी ह्या प्रश्नाला वाचा फोडली. पाठीच्या दुखापतीमुळे २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेस मुकलेल्या बिंद्रा ह्यांनी २००८ मध्ये बीजिंग येथे भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले, आणि त्या विजयानंतर आपणास नैराश्याने घेरले होते हे त्यांनी न संकोचता सांगितले आहे. विजयानेही मन सावरत नाही तेथे पराभूत वा जायबंदी खेळाडूकडून हसतमुख राहण्याची अपेक्षा करणे कितपत न्याय्य आहे, ह्याचा विचार व्हावा.

सामना हरल्याचे दुःख किंवा संघातून वगळले गेल्याची खंत म्हणजे नैराश्य नव्हे. अशी खंत काही दिवसांत निवळते व मधूनमधून मन रमतेही. दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवस व दिवसाचा बराच वेळ, मन उदास राहणे किंवा आवडत्या गोष्टींतली गोडी नाहीशी होणे हे नैराश्याचे मुख्य लक्षण होय. त्याच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, सतत थकवा, एकाग्रता न होणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, हालचाल व बोलणे मंदावणे आणि मृत्यूचे विचार येणे ही लक्षणे दिसतात. गावाकडील माणूस ‘मला उदास वाटते’ असे क्वचितच म्हणतो. तो ‘अंग दुखते, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही’ असे सांगतो. खेळाडूच्या बाबतीत तर हे आणखी फसवे असते, कारण अंग दुखणे त्याच्याकडून अपेक्षितच असते. काही मुले उदास दिसण्याऐवजी चिडखोर होतात, पंचाशी भांडतात, किंवा उलट दुखत्या अंगाने वेड्यासारखा सराव करू लागतात. अशा मुलाची शिस्तभंगाच्या नोंदवहीत नोंद होते. दवाखान्याच्या केसपेपरवर होत नाही.

मात्र प्रत्येक थकलेल्या व दुखऱ्या खेळाडूस नैराश्य झाले आहे असे परस्पर ठरविणेही घातक आहे. थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावल्यास स्नायू दुखतात, थकवा येतो आणि मनही खिन्न होते. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने स्नायू व हाडे दुखतात. रक्तक्षयाने दम लागतो व उत्साह मावळतो. ह्या तिन्ही गोष्टी रक्ताच्या साध्या तपासणीत समजतात, म्हणून मनाचे निदान करण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात. मुलींच्या बाबतीत मासिक पाळी अनियमित झाली अथवा थांबली असेल तर ती ‘सरावाने असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. श्रमाच्या मानाने आहार कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. त्यातून हाडांना तडे जाणे आणि मन खचणे हे दोन्ही संभवते. भातावर थोडी कढी आणि चहा-बिस्किटे एवढ्यावर दोन वेळा सराव करणाऱ्या मुलींची संख्या कमी नाही, ही गोष्ट शिक्षकांना ठाऊक असते.

अतिसरावाचा विषयही येथेच येतो. विल्यम मॉर्गन ह्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जलतरणपटूंच्या मनःस्थितीचा अनेक वर्षे मागोवा घेतला. सरावाचे ओझे वाढत गेले की खेळाडूंची मनःस्थिती पायरीपायरीने बिघडते व ओझे हलके केले की ती सुधारते, असे त्यास आढळले. म्हणजे घड्याळातील वेळेइतकीच मुलाच्या चेहऱ्याचीही नोंद ठेवणारा मार्गदर्शक पुष्कळसा अनर्थ टाळू शकतो.

औषधांच्या बाबतीत खेड्यापाड्यांतील परिस्थिती काळजी करण्यासारखी आहे. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके कोणत्याही चिठ्ठीवाचून घेतली जातात, सामन्यापूर्वी एक आणि सामन्यानंतर एक अशी त्यांची वाटणीही होते. ती सतत घेतल्यास जठरात व्रण पडतात, आणि घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय तीन महिने टिकलेल्या वेदनेवर त्यांचा फारसा उपयोगही होत नाही. ट्रॅमाडॉल ह्या औषधाची सवय जडते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात त्यावर बंदी घातली आहे. कॉर्टिकोस्टेरॉइडची सुई, मग ती सांध्यात घेतलेली असो वा स्नायूत, १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. शरीर लवकर भरावे म्हणून काही व्यायामशाळांतून पुरविली जाणारी ॲनाबोलिक स्टेरॉइडे तर सर्वकाळ निषिद्ध आहेतच. ती अचानक सोडल्यावर तीव्र नैराश्य येऊ शकते हे घेणाऱ्यास कोणी सांगत नाही. दुखणे विसरण्यासाठी संध्याकाळी मद्याचा आधार घेणारे तरुणही आहेत. मद्याने डोळा लागतो, पण झोप तुटक होते व सकाळी वेदना आणि खिन्नता दोन्ही वाढलेल्या असतात.

उपचाराचे सूत्र असे, की वेदना व मन ह्यांची चिकित्सा एकाच वेळी व्हावी. आधी पाय बरा होऊ द्या, मन आपोआप ठीक होईल, हा समज बहुधा खरा ठरत नाही. पूर्ण विश्रांती हाही जुन्या दुखण्यावरचा उपाय नाही. अशा खेळाडूचा एक नेहमीचा ठसा असतो. बरे वाटले त्या दिवशी तो महिन्याभराची उणीव भरून काढण्याच्या ईर्षेने सराव करतो, आणि पुढले चार दिवस त्याला पाऊल टाकवत नाही. त्याऐवजी मोजून मापून श्रम वाढविण्याची पद्धत उपयोगी पडते. उदाहरणार्थ, दहा मिनिटे धावल्यावर दुसऱ्या दिवशी दुखणे वाढत नाही असे आढळल्यास आरंभ आठ मिनिटांपासून करावा आणि दर तीन-चार दिवसांनी एकेक मिनिट वाढवावे. दुखले तरी ठरल्याप्रमाणे करावे आणि बरे वाटले तरी ठरल्याहून अधिक करू नये. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड जाते. हे वेळापत्रक फिजिओथेरपीच्या तज्ज्ञाकडून आखून घेतलेले उत्तम. झोपेची वेळ ठरलेली असणे, दुपारची लांब झोप टाळणे ह्या गोष्टी साध्या वाटल्या तरी परिणामकारक आहेत.

गरज पडल्यास डॉक्टर औषधे देतात. ड्युलॉक्सेटीनसारखे औषध नैराश्यावर व दीर्घकालीन स्नायुवेदनेवर, अशा दोन्हींवर उपयोगी पडते, कारण वर सांगितलेले मेंदूतील मार्ग दोहोंस समाईक आहेत. नैराश्यावरील नेहमीच्या औषधांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. त्यांचे व्यसन लागत नाही. तथापि ती मनाने एकाएकी बंद करू नयेत. पंचवीस वर्षांखालील रुग्णांत आरंभीच्या आठवड्यांत अस्वस्थता अथवा आत्मघाताचे विचार वाढण्याचा संभव असल्याने घरच्यांनी त्या काळात अधिक लक्ष ठेवावे. ही नेहमीची औषधे उत्तेजकांच्या बंदी यादीत येत नाहीत. तरीही स्पर्धेत उतरणाऱ्याने आपण खेळाडू असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे व प्रत्येक औषध यादीशी ताडून पाहावे.

प्रत्येक रुग्णास मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावे लागते असे नाही, आणि ह्याचा पुरावा गोव्यातच मिळालेला आहे. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढ रुग्णांवर एक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. समाजातीलच, मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या व्यक्तींना शिकवून समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. त्यांनी रुग्णांस सहा ते आठ वेळा भेटून, मन लागो वा न लागो, पूर्वी समाधान देणारी छोटी छोटी कामे ठरवून पुन्हा सुरू करण्यास मदत केली. तीन महिन्यांनंतर अशी मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती; केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हा प्रयोग खेळाडूंवर केलेला नव्हता हे खरे, पण खेळाडूस तो विशेष पटण्यासारखा आहे. उत्साह आला म्हणजे काम करू, असे म्हणत न थांबता ठरलेले काम आधी करावे व उत्साह मागून येऊ द्यावा, हा नियम त्याने सरावात पाळलेलाच असतो. फरक इतकाच, की येथे ठरवावयाची कामे मैदानाबाहेरचीही असली पाहिजेत: मित्राकडे जाऊन येणे, देवळातील भजनास बसणे, बागेतील माडांना पाणी घालणे, धाकट्या भावंडाचा अभ्यास घेणे.

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाकडून निदानाची अपेक्षा नाही, परंतु विचारण्याची आहे. मुलाला मैदानावर सर्वांदेखत न विचारता बाजूस घेऊन, घाई नसताना बोलावे. ‘तुझा पाय कसा आहे?’ ह्या प्रश्नाला ‘बरा आहे, सर’ एवढेच उत्तर मिळते. त्यापुढे जाऊन ‘गेले पंधरा दिवस तुला कशातच गोडी वाटत नाही असे होते का? मन उदास किंवा हताश वाटते का?’ असे दोन साधे प्रश्न विचारावेत. दोहोंपैकी एकाचेही उत्तर होकाराच्या बाजूने झुकले, तर मुलास आरोग्य केंद्रात नेण्याविषयी पालकांशी बोलावे. पालकांपाशी बोलताना ‘मानसिक’ हा शब्द प्रथमच उच्चारला की ते दचकतात असा अनुभव आहे. तेथे झोप, भूक व दुखणे ह्यांपासून आरंभ केल्यास पुढचे बोलणे सुकर होते. आणि ‘तुझे दुखणे खरे आहे’ हे वाक्य मुलास ऐकू येईल असे एकदा तरी म्हणावे. उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.

जगणे नकोसे झाल्याची भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, फार काळ उदास असलेला मुलगा एकाएकी निरोप घेतल्यासारखा शांत होणे ह्या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. आत्मघाताचा विचार मनात येतो का, असे स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट, विचारल्यावर पुष्कळांना मोकळे वाटते. अशा वेळी त्यास एकटे सोडू नये, घरातील औषधे व कीटकनाशके दूर ठेवावीत आणि विलंब न करता बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत अथवा जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा असून तो दिवसरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. अनेक भारतीय भाषांतून तेथे बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास उपचार मिळण्याचा व आजाराविषयी गुप्तता राखली जाण्याचा हक्क दिला आहे. शाळेच्या कार्यालयातून अशी बातमी गावभर होणे हे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे.

क्रीडा खात्याच्या व शाळांच्या अधिकाऱ्यांच्या हाती ह्या बाबतीत बरेच काही आहे. तंदुरुस्तीच्या दाखल्यात ‘हाड शाबूत’ एवढी नोंद पुरेशी मानली जाऊ नये. दीर्घकाळ जायबंदी असलेल्या खेळाडूचे नाव संघाच्या यादीतून कापण्यापूर्वी त्यास गुणलेखक, वेळाधिकारी, पंचांचा मदतनीस अथवा लहान गटाचा मार्गदर्शक म्हणून मैदानावर येण्याची संधी देता येते. त्यामुळे संघाशी त्याचे नाते तुटत नाही आणि सकाळी पाचला उठण्याचे कारण शिल्लक राहते. जिल्हा शिबिरास येणाऱ्या मुलांच्या सराव-वहीत धावण्याच्या वेळेशेजारी झोपेचे तास, दुखण्याची जागा व मनःस्थिती ह्यांसाठी तीन रकाने आखून घेण्यास खर्च काहीच येत नाही. ते रकाने मुलानेच भरावेत व मार्गदर्शकाने आठवड्यातून एकदा, निवडीचा विषय न काढता, वाचावेत. त्यातील मजकुरावरून संघातील स्थान जाईल अशी शंका आली, की मुले सगळीकडे ‘ठीक’ असेच लिहितात, आणि मग वही असून नसून सारखीच होते.